बंदिवानाचे पुस्तक

‘तुरुंगात गेलेल्यास कसला आला हक्क?’ असे आमच्या मसाटला पुष्कळदा कानी येते. बोलणारे दुष्ट नसतात. बंदिवानांस भेटणे हे दयेचे काम आहे, हे त्यांस धर्मशिक्षणापासून ठाऊक असते. परंतु दया निराळी आणि हक्क निराळा.

श्री. प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांस १९६२ च्या भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध केले होते. तेथे त्यांनी सरकारच्या परवानगीनेच ‘अणूच्या अंतरंगात’ हे शास्त्रीय पुस्तक मराठीत लिहिले. १९६४ साली हस्तलिखित छपाईसाठी बाहेर धाडण्याची परवानगी मात्र सरकारने नाकारली. संत पौलाने बंदिवासातून फिलेमोनास लिहिलेले पत्र असेच कोणी अडविले असते तर!

संझगिरी मुंबई उच्च न्यायालयात गेले (आपल्या दादरा-नगर हवेलीचेही उच्च न्यायालय हेच) व जिंकले. सरकारने सर्वोच्च न्यायालयात अपील केले. म्हणणे काय, तर स्थानबद्धतेच्या नियमांत पुस्तक छापण्याची मुभा लिहिलेली नाही, सबब ती नाही! ६ सप्टेंबर १९६५ रोजी न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी अपील फेटाळले. हे म्हणणे मानले, तर अन्न देण्याचा नियम नसल्यास स्थानबद्धास उपाशीही ठेवता येईल, असे ते म्हणाले.

संझगिरींवर गुन्हा शाबीत झालेला नव्हता, हे खरे. परंतु तिहार तुरुंगातील सुनील बात्रा हा फाशीची शिक्षा झालेला कैदी. दुसऱ्या एका कैद्याच्या छळाविषयी त्याने लिहिलेले साधे पत्रच सर्वोच्च न्यायालयाने अर्ज म्हणून दाखल करून घेतले, आणि डिसेंबर १९७९ मध्ये त्यावर निकाल दिला. त्यास ना वकील लागला, ना मुद्रांकाचा कागद.