चौथी जागा

मित्र आपण निवडतो, अशी एक समजूत आहे. ती मीही पुष्कळ वर्षे बाळगली. परंतु मित्राचे मित्र काही आपण निवडत नाही. ते आपल्याला मिळतात, नातेवाइकांसारखे! त्यातून नातेवाइकांविषयी निदान घरी बसून चार शब्द मोकळेपणाने बोलता तरी येतात. मित्राच्या मित्राविषयी बोलायचे कुणाजवळ? ज्याच्याजवळ बोलायचे, त्याचाच तो मित्र!

हे शहाणपण मला आगगाडीत मिळाले. डोंबिवलीहून मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्या माणसाचे बहुतेक शहाणपण गाडीतच जमते. कारण उरलेल्या वेळात तो एक तर कचेरीत असतो, नाहीतर झोपलेला असतो. १९८५ पासून २०१९ पर्यंत, म्हणजे तब्बल चौतीस वर्षे, मी तो प्रवास केला.

मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. आमच्या दुसऱ्या वर्गाच्या डब्यातले बाक तिघांसाठी असतात आणि त्यांवर चौघे बसतात. चौथा बसतो असे म्हणायचे, तेही दाक्षिण्य म्हणूनच. त्याचे निम्मे अंग बाकावर आणि निम्मे वाटेत असते; येणाऱ्याजाणाऱ्याची पिशवी त्याच्या गुडघ्याला खेटूनच पुढे जाते. तरीसुद्धा “जरा सरकून घ्या” असे कुणी म्हटले की, बसलेले तिघे कुरकुर न करता सरकतात. ही चौथी जागा रेल्वेने दिलेली नाही. ती प्रवाशांनी एकमेकांना दिलेली आहे.

आमचा सातजणांचा कंपू होता. शाळेत शिकवणारे मास्तर, गोदीतले नाना, दोघे बँकवाले, एक मंत्रालयातला, एक औषधांच्या कंपनीतला आणि मी. समोरासमोरचे दोन बाक आमचे. सात माणसे आणि आठ जागा! आठव्या जागेवर रोज कुणीतरी परका येऊन बसे आणि वर्तमानपत्रात तोंड खुपसून आमच्या गप्पा चोरून ऐके. गाडी सुटली की गुडघ्यांवर ब्रीफकेस आडवी पडे आणि मेंढीकोटाचा डाव सुरू होई. मास्तर माझे भिडू. त्या काळी जलद गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जात. बोगद्यात शिरताच सगळ्यांचे बोलणे बंद पडे, आणि बाहेर आल्यावर ज्याचे वाक्य अर्धे राहिले असेल तो तिथूनच पुढे सुरू करी. सारांश, आम्ही सुखी होतो.

१९९६ सालच्या पावसाळ्यात मास्तर एका गृहस्थांना घेऊन आले. “हे आता आपल्याच गाडीला असणार. आठवी जागा यांची,” असे त्यांनी जाहीर केले आणि सगळे “वा, या, या!” म्हणून सरकले. मीही सरकलो. नाही सरकून सांगतो कुणाला?

त्या गृहस्थांचे नाव मी इथे सांगत नाही. दिवाळी अंक घरोघर वाचले जातात आणि त्यांच्याही घरी तो येतो. गृहस्थ एवढ्यावर आपण भागवू या.

मी त्यांना पाहताक्षणीच ओळखले. दहा वर्षांपूर्वी, १९८६ साली, ते आमच्या घरी आले होते. माझ्या ताईला पाहायला. ताईला तेव्हा सत्ताविसावे लागलेले. आधी चार स्थळे येऊन गेलेली. या पाचव्या स्थळाची पत्रिका आधीच जुळवून घेतली होती, त्यामुळे आमचे आप्पा फार आशेने बोलत होते. आईने पोहे केले. गृहस्थांनी ते पुन्हा एकदा मागून घेतले, तेव्हा आईने माझ्याकडे पाहून डोळ्यांनीच ‘जमणार’ असे म्हटल्याचे मला आठवते. आठव्या दिवशी पोस्टकार्ड आले: पत्रिका जुळत नाही. जुळलेली पत्रिका आठ दिवसांत कशी बिघडली, ते कुणी विचारले नाही. आप्पांनी कार्ड फाडून टाकले. आईने त्यानंतर कितीतरी दिवस घरात पोहे केले नाहीत. पुढे दोन वर्षांनी ताईचे लग्न झाले, ती नागपूरला गेली, चांगली नांदली. परंतु मधली ती दोन वर्षे आमच्या घराने कशी काढली, ते आम्हालाच ठाऊक.

आणि आता ते दुसऱ्यांदा पोहे मागणारे गृहस्थ माझ्यासमोर बसले होते! त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचे चिन्ह नव्हते. मला त्याचाच अधिक संताप आला. ज्याने आमच्या घरावर एवढी कळा आणली, त्याला आमचे घर आठवतसुद्धा नव्हते!

तुम्ही म्हणाल, मित्रांना सांगून का नाही टाकलेत? कसे सांगणार? त्यांच्याविषयी सांगायचे म्हणजे ताईला आलेला नकार भर गाडीत वाचून दाखवायचा. तेव्हा मी गप्प बसलो. आणि गप्प बसून बसून माणूस जे करतो, तेच मी केले. त्यांचे बारीकसारीक दोष गोळा करू लागलो.

दोष शोधायला लांब जावे लागले नाही. पहिला म्हणजे, मी विनोद सांगू लागलो की ते शेवट यायच्या आधीच हसत. विनोद सांगणाऱ्यालाच कळेल हा काय जुलूम आहे तो! दुसरा, ते संत्रे सोलून त्याच्या फोडी सर्वांना वाटत, आणि नको म्हटले तरी “घ्या हो, गोड आहे” म्हणून हातावर ठेवत. तिसरा, त्यांना सगळ्यांच्या मुलांच्या परीक्षांच्या तारखा पाठ असत. नानांच्या मुलीचा निकाल लागला तो नानांच्या आधी यांनी विचारला. आता हा दोष कसा, असे कुणी विचारील. त्या वेळी तो मला सर्वांत मोठा दोष वाटे.

दसऱ्याला आम्ही डबा सजवीत असू. लोकलच्या डब्यातला दसरा पाहण्यासारखा असतो. झेंडूची तोरणे, आंब्याची पाने, देवीचा फोटो, आरती आणि ठाणे यायच्या आत पेढे! तोरणाचे खाते पहिल्यापासून माझ्याकडे. त्या वर्षी हे गृहस्थ कल्याणच्या बाजारातून पहाटे जाऊन झेंडू घेऊन आले. माझ्यापेक्षा ताजा आणि माझ्यापेक्षा स्वस्त. मंडळी खूश झाली. पुढल्या वर्षापासून झेंडू त्यांच्याकडे गेला. माझ्याकडे दोरा राहिला.

मग एके दिवशी मला कचेरीच्या कामाने दोन दिवस सुट्टी घ्यावी लागली. परत येऊन पाहतो तो मेंढीकोटात माझ्या जागी गृहस्थ! मास्तर म्हणाले, “अहो, यांचा हात फार चांगला आहे. आजच्या दिवस राहू द्या.” तो आजचा दिवस वर्षभर चालला. मी शेजारी बसून पाने पाहत असे, आणि गृहस्थ चुकले की मला जो आनंद होई, तो या दिवाळीच्या दिवसांत वर्णन करण्यासारखा नाही.

आणि एकदा मी त्याहून वाईट केले. आमच्यात आधी चढणारा रुमाल टाकून बाकीच्यांच्या जागा धरी. त्या दिवशी मी आधी चढलो होतो. बाकीचे आले, बसले. गृहस्थांना उशीर झाला होता. एका अनोळखी माणसाने आठव्या जागेकडे बोट करून विचारले, “इथं कुणी आहे का?” मी म्हणालो, “नाही. बसा.”

पुढच्याच क्षणी गृहस्थ धापा टाकत डब्यात शिरले. त्यांनी बसलेल्या माणसाकडे पाहिले, मग माझ्याकडे. मास्तर म्हणाले, “अहो, यांची जागा नाही धरलीत?” मी म्हणालो, “विसरलो.” गृहस्थांनी पिशवी फळीवर टाकली, कडी धरली आणि दादरला मास्तर उतरेपर्यंत ते उभे राहिले. एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवशी मात्र संत्रे सोलले नाही.

पुढे २६ जुलै २००५ चा तो मंगळवार आला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे आम्हाला नंतर कळले. त्या दुपारी आम्हाला एवढेच दिसले की, शीव आणि कुर्ला यांच्यामध्ये आमची गाडी थांबली आणि रूळ दिसेनासे झाले. आमच्यापैकी चौघे त्या डब्यात होते. मास्तर, नाना, मी आणि गृहस्थ. संध्याकाळी फोन लागेनासे झाले. रात्री दिवे गेले. रुळांलगतच्या वस्तीतली माणसे कमरेएवढ्या पाण्यातून चहा आणि बिस्किटे घेऊन आली, आणि पैसे काढणाऱ्यांवर रागावली. आम्ही पाळीपाळीने बाकावर डोळे मिटीत होतो. मास्तर आणि नाना झोपले. जागे राहिलो आम्ही दोघे.

रात्री दोनचा सुमार असेल. अंधारात गृहस्थांनी विचारले, “तुमच्या ताई कुठं असतात हल्ली?”

मला उत्तर सुचायला वेळ लागला. “नागपूरला,” मी म्हणालो.

“बऱ्या आहेत?”

“सुखात आहे. दोन मुलं आहेत.”

“बरं झालं,” ते म्हणाले. मग पुष्कळ वेळाने, “तेव्हा मी घरात काही बोलायला हवं होतं. बोललो नाही.”

मी काहीच म्हणालो नाही. नऊ वर्षे आम्ही दोघे एकाच गोष्टीविषयी गप्प होतो. माझे गप्प बसणे मला मोठे थोर वाटत आले होते. त्यांच्या गप्प बसण्याला मी विसराळूपणा समजलो होतो. ताईची गोष्ट त्यांनीही गाडीत कुणाला सांगितली नव्हती. सकाळी पाऊस थोडा कमी झाला तेव्हा आम्ही रुळांवरून चालत निघालो. ठाण्यापर्यंत नानांची पिशवी गृहस्थांनीच घेतली होती.

त्या वर्षी भाऊबीजेला ताई आमच्याकडे आली होती. ओवाळून झाल्यावर मी तिला सगळे सांगितले. ती तबक हातात धरून आठवू लागली.

“ते उंचसे का? अरे, पोहे छान झालेत म्हणाले होते! पाचजण येऊन गेले, पण माझ्याशी एक वाक्य धड बोलले ते तेवढेच.”

“तुला राग नाही आला?”

“आला तर! तुम्हा सगळ्यांचा आला. वर्षभर घरात कुणी गेल्यासारखे माझ्याकडे बघत होतात. आईनं तर पोहेच बंद केले. आणि मला पोहे किती आवडायचे रे!”

मी तिच्या तोंडाकडे पाहतच राहिलो. ज्या रागाला मी ताईचा म्हणून नऊ वर्षे जपले, तो ताईचा नव्हताच. मग कुणाचा होता? झेंडू गेला त्याचा, भिडू गेला त्याचा, आणि मला न विचारता सहाजण सरकले त्याचा. ताईचे नाव पुढे करून मी माझे स्वतःचेच भांडण चालवले होते. आणि भांडण तरी कशासाठी? अर्धी माणसाला पुरेल आणि अर्धी वाटेत राहील अशा एका जागेसाठी!

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने पोहे केले.

दिवाळीनंतर कामाला सुरुवात झाली त्या दिवशी मी आधी चढलो होतो. गृहस्थांना उशीर झाला होता. एका माणसाने विचारले, “इथं कुणी आहे का?”

“आहे. येताहेत,” मी म्हणालो, आणि आठव्या जागेवर माझा रुमाल टाकला.

आता आम्ही सगळेच निवृत्त झालो. २०२० च्या मार्चमध्ये लोकल गाड्या बंद पडल्या, तेव्हा घरी बसून मला पहिल्यांदा गाडीच्या गर्दीची आठवण आली. नाना त्यानंतर गेले. आम्ही पुन्हा सातजण झालो आहोत. नरकचतुर्दशीला सकाळी फडके रोडवर सारी डोंबिवली नटूनथटून लोटते. गणपतीचे दर्शन घेऊन आम्ही तिथेच एका कोपऱ्यात जमतो आणि तरुण मंडळींच्या वाटेत उभे राहून गप्पा मारतो.

गृहस्थ आता तुम्हाला आवडू लागले असतील, असे कुणाला वाटेल. खरे सांगायचे तर, तसे झालेले नाही. अजून ते फोडी वाटतात. अजून ते नातवंडांच्या परीक्षा विचारतात. परंतु गेल्या दिवाळीत त्यांना यायला उशीर झाला होता. मास्तरांनी मला एक नवा विनोद सांगायचा आग्रह केला, तर मी म्हणालो, “थांबा जरा, ते येऊ द्यात.” पंधरा मिनिटांनी ते आले. मी विनोद सांगायला सुरुवात केली, आणि नेहमीप्रमाणे शेवट यायच्या आधीच ते हसले.