वाचणे म्हणजे ओळखणे

गेल्या विकांताला पाच वर्षांपूर्वीचा एक कोड उघडला. लिहिणारा मीच, पण एक ओळ ओळखीची वाटेल तर शपथ! अर्ध्या तासाने एका व्हेरिएबलच्या विचित्र नावावरून ट्यूब पेटली आणि सगळं आठवलं. तेव्हा 'वाचणे' या अर्थाचं एक प्राचीन ग्रीक क्रियापद डोक्यात घोळायला लागलं: अनागिग्नोस्को.

फोड सोपी आहे. 'अना' म्हणजे पुन्हा, 'गिग्नोस्को' म्हणजे जाणणे. त्यातला 'ग्नो' आपल्या 'ज्ञा' धातूचा भाऊबंद आणि सुरुवातीचा 'गि' ही द्विरुक्ती, 'जिज्ञासा'मधल्या 'जि'सारखी. म्हणजे वाचणे = पुन्हा जाणणे. ग्रीक लोक दोन शब्दांमध्ये जागा न सोडता लिहायचे, त्यामुळे त्या गर्दीतून शब्द ओळखून काढावाच लागे. आपलं 'वाचणे' मात्र 'वाच्'वरून आलेलं, थेट तोंडाशी नातं सांगणारं.

गंमत म्हणजे होमरच्या 'ओडिसी'त या क्रियापदाचा अर्थ नुसता 'ओळखणे' असा आहे. ओडिसियस वीस वर्षांनी घरी परततो. म्हातारा बाप, लाएर्तेस, म्हणतो, खूण सांग. मुलगा पायावरचा व्रण दाखवतो. मग लहानपणी बापाने त्याला दिलेली झाडं मोजून दाखवतो: नासपतीची 13, सफरचंदाची 10, अंजिराची 40. बापाला खुणा पटतात. तिथे हेच क्रियापद आहे.

हे सगळं आत्ताच का आठवावं? माझे बाबा रोज पेपर मोठ्याने वाचतात. उच्चार अजून खणखणीत. मराठी अर्थाने वाचन उत्तम चाललंय! पण मी समोर बसलो की विचारतात, "आपण कुठून आलात?"

त्या 'आपण'ची सवय होत नाही.

परवा रविवारी मीही त्यांना गावच्या घराची झाडं सांगितली. पुढच्या दारी दोन नारळ, मागे फणस, विहिरीजवळ रायवळ आंबा, त्यावरून मी पडलो होतो तो. बाबा पेपर खाली ठेवून ऐकत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हात मोडला होता ना तुझा?"

नाव काही आठवलं नाही त्यांना. पण 'आपण'चं 'तुझा' झालं.

असो. पुढच्या रविवारी पुन्हा नारळांपासून सुरुवात.