लिंबाचा रस आणि चैत्रातले ऊन

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचे लग्न 2018 साली ईस्टरनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात ठरले होते. आमचे घर खानापूर तालुक्यात, डोंगराच्या कडेला. मार्च महिना उजाडला की घरातील सर्व माणसे काजूच्या बागेत असतात. घरात लग्न आहे म्हणून बोंडे पडावयाची थांबत नाहीत. मुलगी रोज सकाळपासून दुपारपर्यंत वेचणीस जात असे आणि सायंकाळी आरशासमोर उभी राहून खिन्न होत असे. नाक व गाल रापून काळवंडले होते. डोळ्यांच्या कडांना बारीक रेषा दिसू लागल्या होत्या. निदान तिला तरी त्या दिसत होत्या.

एके दिवशी ती तालुक्याच्या बाजारातून एक बाटली घेऊन आली. किंमत साडेतीनशे रुपये! बाटलीवर डाळिंब, संत्रे व पपई यांची रंगीत चित्रे होती, आणि या फळांचे अर्क उन्हाने येणाऱ्या अकाली वार्धक्यापासून त्वचेचे रक्षण करतात, असे खाली छापले होते. मी तीस वर्षे शाळेत शिकविलेली बाई. मला हसू आवरेना.

“अगं, अंगणात लिंबाचे झाड असताना साडेतीनशे रुपये घालवलेस?” मी म्हटले.

“मावशी, यात फळांचा अर्क आहे.”

“मग लिंबू काय दगड आहे?”

वादात मी जिंकले. शिक्षकाला वादात जिंकण्याची वाईट खोड असते. झावळ्यांच्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी तिने दोन कागदी लिंबे पिळून रस तोंडाला व मानेला चोळला, आणि तशीच बागेत गेली. मंगळवारी थोडी आग होत होती. बुधवारी सकाळी तिने पदर बाजूला केला तेव्हा माझ्या काळजाचे पाणी झाले. गालांवर लाल चट्टे उठले होते. हनुवटीखाली रसाचा ओघळ जिथून उतरला होता तिथे निखारा फिरविल्यासारखी रेघ होती, आणि बोटांच्या बेचक्यांत पाण्याने भरलेले फोड होते. माझी बहीण मला एका शब्दानेही बोलली नाही. तिचे ते न बोलणे मला अजून आठवते.

“काजूच्या टरफलाचे तेल लागले असेल,” मी डॉक्टरांना म्हणाले. ते तेल कातडी जाळते हे खरे. पण मी ते कोणत्या आशेने म्हटले हे मला ठाऊक होते. डॉक्टरांनी मुलीलाच विचारले, “तोंडाला काय लावले होते?” तिने माझ्याकडे पाहिले व सांगितले.

लिंबाच्या सालीत व रसात फुरोकुमारिन नावाची द्रव्ये असतात. सावलीत ती निरुपद्रवी असतात. पण ती अंगावर असताना ऊन पडले की कातडी भाजते. खूण लगेच उमटत नाही, दीड-दोन दिवसांनी उमटते; म्हणून माणसाला लिंबाची आठवण राहत नाही. फोड बरे होतील, पण तपकिरी डाग जायला काही महिने लागतील, असे डॉक्टर म्हणाले. रोसाच्या संध्याकाळी बायका नवरीला नारळाचा रस लावीत होत्या तेव्हा प्रत्येकीचा हात तिच्या गालापाशी येऊन अडखळत होता. मी मागच्या ओळीत बसले होते.

लग्न उरकल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागले. वाचताना मला वारंवार माझी आई आठवे. 2011 साली तिच्या शेवटच्या दुखण्यात मी तिला रोज पुसून घेत असे. तिच्या मानेची कातडी उन्हाळ्यातल्या शेताप्रमाणे चौकोनी भेगांची झाली होती, आणि हाताच्या पाठीवर डाग होते. परंतु चोळीच्या बाहीखाली तिचा दंड विलक्षण मऊ होता. मान आणि दंड यांचे वय एकच होते, ऊन मात्र एकाच ठिकाणी पडले होते. आई थंडीत टाचांना व ओठांना भिरंडेल न चुकता लावी. कोकमाच्या बियांचे ते तेल कातडी मऊ ठेवते, पण ऊन अडवीत नाही.

उन्हातील जे अदृश्य किरण जमिनीपर्यंत पोचतात, त्यांपैकी सुमारे 95 टक्के लांब लहरींचे असतात. ते भाजत नाहीत, म्हणून कळत नाहीत. पण ते काचेतून व ढगांतून येतात, कातडीत खोल शिरतात आणि तिला ताठ ठेवणारे कोलॅजेनचे धागे तुटू लागतात. अमेरिकेत 2012 साली एका वैद्यकीय नियतकालिकात 28 वर्षे मालवाहू गाडी चालविलेल्या 69 वर्षांच्या माणसाचे छायाचित्र छापले होते. खिडकीकडील डावा गाल लोंबता व सुरकुतलेला, उजवा पुष्कळच तरुण! आपली सावळी कातडी सुरकुत्यांना अधिक काळ थोपविते, पण डाग तिच्यावर लवकर पडतात.

मग फळे अगदीच निरुपयोगी का? तसे नाही. ऊन कातडीत जी विध्वंसक द्रव्ये निर्माण करते, त्यांना शमविणारे घटक फळांत असतात. 2001 साली जर्मन संशोधकांनी काही माणसांना रोज 40 ग्रॅम टोमॅटोचा घट्ट गर ऑलिव्ह तेलाबरोबर खाऊ घातला. दहा आठवड्यांनी त्यांची कातडी किरणांनी सुमारे 40 टक्के कमी लाल झाली. परंतु चार आठवड्यांनी काहीच फरक नव्हता, आणि हे संरक्षण टोपीच्या तुलनेत अगदी तोकडे होते. आवळ्यातील क जीवनसत्त्वाचे नीट सिद्ध केलेले द्रावण उपयोगी पडते हेही दिसले आहे; पण ते हवेने व उजेडाने बिघडते, म्हणून वाटीत पिळलेला रस म्हणजे ते द्रावण नव्हे.

मला सर्वांत पटला तो ऑस्ट्रेलियातील नॅम्बर गावचा प्रयोग. तेथे 55 वर्षांखालील 903 माणसांचे साडेचार वर्षे निरीक्षण झाले. निष्कर्ष 2013 साली प्रसिद्ध झाले. ज्यांना रोज ऊन रोखणारा लेप लावण्यास सांगितले होते, त्यांच्या हाताच्या पाठीची कातडी इतरांपेक्षा 24 टक्के कमी म्हातारी झाली. काहींना बीटा-कॅरोटीनच्या, म्हणजे पपईला व आंब्याला पिवळा रंग देणाऱ्या द्रव्याच्या, गोळ्या दिल्या होत्या. त्यांचा एकंदरीत काहीच परिणाम दिसला नाही.

हे वाचल्यावर मी भाचीची बाटली चष्मा लावून पुन्हा पाहिली. ऊन रोखणाऱ्या लेपावर ‘एसपीएफ’ आणि त्यापुढे 30 किंवा 50 असा आकडा छापलेला असतो. या बाटलीवर तीन फळे होती, आकडा एकही नव्हता. म्हणजे मुलीची निवडही चुकीचीच होती. परंतु तिच्या चुकीने फक्त साडेतीनशे रुपये गेले असते.

डाग फिकट होत होत नाताळपर्यंत गेले. आता ती आपल्या सासरच्या बागेत नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा शर्ट व रुंद काठाची टोपी घालून वेचणीस जाते, आणि लिंबू हाताळले की साबणाने हात धुऊनच उन्हात पाऊल टाकते. ती बाटली तिने मला देऊन टाकली. मागच्या थंडीत मी ती टाचांना लावून पाहिली. भिरंडेल बरे.