लिटरमागे पंधरा ग्रॅम

"हात लावून बघा" म्हणाला म्हणून लावला, तर नळी गार! दुपारचे अडीच वाजलेले, महिना डिसेंबरचा असला तरी साताऱ्याच्या गच्चीवरचं ऊन, त्या उन्हात काळ्याकुळकुळीत वीस नळ्या सकाळपासून पडलेल्या, आतलं पाणी हात भाजेल इतकं कढत, आणि बाहेरची काच मात्र माठासारखी गार. मी दुसऱ्या नळीला हात लावला. तिसऱ्या नळीला. मग ओळीनं सगळ्यांनाच. प्लंबर हसायला लागला. "काकू, इसच्या इस तशाच हायत्या."

मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. विभक्ती, समास, वाक्यपृथक्करण. विज्ञानाचा तास सुरू झाला की माझा त्या वर्गाशी संबंध संपायचा. त्यामुळे हे सगळं ज्यांना आधीपासून ठाऊक आहे त्यांनी खुशाल हसावं. पण गेले पाच आठवडे मी भाजीवालीपासून व्याह्यांपर्यंत दिसेल त्याला हेच सांगत सुटले आहे, आणि घरातले आता मला दुपारी गच्चीवर एकटं सोडत नाहीत.

सुरुवात वरच्या मजल्यापासून झाली. मुलाचं लग्न ठरलं म्हणून अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या आमच्या जुन्या घरावर एक मजला चढवला. दोन खोल्या, एक बाथरूम, वर गच्ची. रंग, फरशी, खिडक्यांचे पडदे या सगळ्यावर घरात महिनाभर खल झाला. पाणी तापणार कसं, हा प्रश्न मात्र कुणाच्याही डोक्यात आला नाही. खालच्या बाथरूममध्ये पंधरा लिटरचा गीझर होता, तोच पुरेल असं गृहीत. आणि मग दिवाळी आली. लेक-जावई आले, घरात माणसं आठ. पहाटे चारला तेल-उटणं लावून रांग बसली. एकाची आंघोळ झाली की पुढच्यानं गीझरचा लाल दिवा विझायची वाट बघत कुडकुडायचं. मान म्हणून जावयांना पहिला नंबर द्यायचा होता, पण ते "आधी मुलं, आधी आई" म्हणत मागे मागे राहिले आणि शेवटी उन्हं दारात आली तरी टॉवेल खांद्यावर टाकून उभेच. नरकचतुर्दशीला सूर्योदयानंतर आंघोळ करणाऱ्याचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे. आमच्या लेकीनं ते मोठ्यानं बोलून दाखवलं.

त्याच दिवशी दुपारी मी कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेवर आयुष्यातला पहिला उष्णतेचा हिशेब मांडला. सुनेनं सांगितलं, एक लिटर पाणी एक अंश तापवायला एक किलोकॅलरी लागते, आणि विजेच्या एका युनिटात अशा 860 असतात. बस, एवढंच! पंधरा लिटर पाणी वीस अंशांवरून साठ अंशांवर न्यायचं म्हणजे 600 किलोकॅलरी, म्हणजे पाऊण युनिटाला थोडं कमी. गीझर दोन हजार वॅटचा, म्हणजे वीस-एकवीस मिनिटं. आठ माणसं. तीन तास. आमच्या दिवाळीची फजिती त्या कागदावर आधीच लिहून ठेवलेली होती, फक्त कुणी वाचली नव्हती!

दुसरा हिशेब त्याहून गोड निघाला. आंघोळीचं पाणी बेचाळीस अंशांचं लागतं. साठ अंशांच्या पाण्यात वीस अंशांचं गार पाणी मिसळत गेलं, तर वीस लिटरच्या बादलीला कढत पाणी फक्त अकरा लिटर लागतं. म्हणजे गच्चीवर सोलरची दोनशे लिटरची टाकी बसवली, तर तिच्यात अठरा बादल्या आंघोळी! आणि तेवढं पाणी रोज तापवायला लागणारी नऊ युनिटं ऊन फुकट देतं. मी ह्यांना हाक मारली. हे म्हणाले, "बरं." ह्यांचा उत्साह एवढाच असतो.

इथे थोडं विषयांतर. मी फोनवर एकीला "घरचा बॉयलर बदलतोय" असं सांगितलं, तर ती म्हणाली, "कारखाना घेतला की काय?" आमच्या सातारा-सांगलीकडे बॉयलर म्हणजे साखर कारखान्याचा. गळीत हंगामाच्या तोंडावर पेपरात त्याच्या अग्निप्रदीपनाच्या जाहिराती झळकतात, होमहवन होतं, संचालक सपत्नीक पूजेला बसतात. दुसरी बॉयलर म्हणजे कोंबडी. घरात पाणी तापवणाऱ्याला आपल्याकडे शब्द एकच होता, बंब.

तो बंब आमच्या माळ्यावर होता, सासूबाईंच्या काळातला, तांब्याचा, हिरवट पडलेला. मजला चढवताना तो मोडीत द्यायचं ठरत होतं. मी विजेरी घेऊन त्याच्या तोंडातून आत बघितलं आणि तिथेच फतकल मारून बसले. मधोमध उभी नळी, खाली जाळी, राखेला वेगळी जागा, आणि त्या नळीच्या सगळ्या बाजूंनी पाणी. जाळ मध्ये कोंडलेला! चुलीवर पातेलं ठेवलं की अर्धा जाळ कडेनं निसटून जातो. इथे त्याला जायला वाट एकच, पाण्याच्या पोटातून. म्हणून तर चार चिपाडं, दोन गोवऱ्या, मक्याची बुरकुंडं एवढ्यावर अख्ख्या घराच्या आंघोळी उरकायच्या. इतकी वर्षं मी त्या बंबाची राख काढली आणि तो आतून कसा आहे हे एकदाही बघितलं नाही.

आणि आता गच्चीवरच्या नळ्या बघा, बरोबर उलट! बंबात विस्तव आत, पाणी बाहेर. नळीत पाणी आत, आणि विस्तव पंधरा कोटी किलोमीटरवर.

नळी म्हणजे लांबलचक थर्मासच आहे. काचेत काच, आणि दोहोंच्या मध्ये पोकळी, हवासुद्धा काढून टाकलेली. आतल्या काचेवर काळा लेप, तो ऊन पितो. पोकळीमुळे प्यायलेली उष्णता बाहेर येत नाही. म्हणून हाताला गार. जेम्स ड्यूअरनं 1892 साली ज्या युक्तीनं द्रवरूप वायू थंड ठेवले, त्याच युक्तीनं माझं पाणी कढत राहतं. नळीच्या बुडाशी आरशासारखा चकचकीत डाग असतो, तो बेरियमचा. पोकळीत हवा शिरली की तो पांढराफटक पडतो, म्हणजे नळी गेली हे लांबूनच कळतं. रोज सकाळी मी वीस डाग मोजते. काचेचं म्हणाल तर आपल्या जिल्ह्याला काच परकी नाही. कराडजवळच्या ओगलेवाडीत 1916 साली काचकारखाना निघाला, तिथल्या प्रभाकर कंदिलाच्या उजेडात माझ्या वडिलांनी अभ्यास केला. उजेड कोंडणारी काच ते उष्णता कोंडणारी काच!

नळ्या खरं तर एकवीस आल्या होत्या. एक जादा म्हणून भिंतीला टेकवून उन्हात ठेवलेली. प्लंबर जेवायला गेला तेव्हा मला ती आतून बघायची हुक्की आली, धूळ दिसली म्हणून मी तांब्याभर गार पाणी ओतलं. फाट्! रिकामी तापलेली काच आणि गार पाणी. सुनेनं आधी बजावलं होतं, मीच विसरले. बोळातली कुत्री भुंकायला लागली. त्यानंतरच ही एकटं न सोडण्याची भानगड सुरू झाली.

पण खरी गंमत पुढे आहे. टाकी बसली, नळ्या बसल्या, आणि मी विचारलं, "पंप कुठाय?" नळ्यांतलं पाणी टाकीत चढवायला काहीतरी लागणार ना! प्लंबर म्हणाला, "पंप कशाला? गरम झालं की आपसूक वर चढतंय, गार खाली येतंय. दिवसभर त्येचा पाळणा चालतोय."

मी रात्री सुनेकडून आकडे काढून घेतले. वीस अंशांचं लिटरभर पाणी 998 ग्रॅम, साठ अंशांचं 983. फरक पंधरा ग्रॅमचा. दहा रुपयांची दोन नाणी हातात घ्या, तेवढंच वजन! तेवढ्या हलकेपणावर दोनशे लिटर पाणी दिवसभर वरखाली फिरत राहतं, बटण नाही, बिल नाही, आवाज नाही. आणि हे आजचं नाहीच. बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पनं उन्हाच्या बंबाचं पेटंट 1891 सालीच घेतलं होतं, पण त्याचं पाणी उघड्यावरच्या पेटीतच राहायचं आणि रात्रीत निवायचं. 1909 साली कॅलिफोर्नियात विल्यम बेलीनं टाकी वेगळी काढली, तिला उबदार गुंडाळली आणि तापवणाऱ्या नळ्यांच्या वर ठेवली. टाकी वर! एवढा एक बदल, आणि रात्रीही पाणी गरम.

आमच्याकडे कासचं पाणी येतं. ते डोंगरावरून उतारानं आपलं आपण शहरात उतरतं. म्हणजे माझ्या घरात पाणी पंपाशिवाय खाली येतं आणि गच्चीवर पंपाशिवाय वर चढतं. हे समजलं त्या रात्री मला झोप आली नाही.

अडचणी आल्याच. सोलरच्या टाकीत गार पाणी ज्या टाकीतून येतं ती तिच्याहून उंच हवी. आमची गार पाण्याची टाकी बुटकी, म्हणून तिच्याखाली लोखंडी घोडा करावा लागला. तोंड दक्षिणेला हवं, आणि आमच्या दक्षिणेला अख्खा अजिंक्यतारा! पण डिसेंबरातही भर दुपारी सूर्य साताऱ्यात एकोणपन्नास अंशांवर असतो, किल्ल्याच्या चांगलाच वर, त्यामुळे ते निभावलं. वरच्या बाथरूमचा शॉवर मात्र रडत होता. टाकी जवळ म्हणून धार जोरात, असं ह्यांचं गणित. खरं उलटं असतं. टाकीपासून जितकं खाली जाल तितका जोर, दहा फुटांना कसाबसा 0.3 किलोचा दाब. सोलरची टाकी पंपाचा दाब सोसणारी नव्हती, म्हणून पंप टाकीच्या पुढे, बाहेर जाणाऱ्या लाइनवर घेतला, आणि गार लाइनलाही तसाच. एकट्या गार पाण्याचा दाब वाढला तर ते मिक्सरमधून गरम लाइनमध्ये घुसतं, त्याला अडवायला एनआरव्ही. हे सगळे शब्द मी आता घरच्यासारखे वापरते.

बांधकामाच्या वेळच्या मिस्त्रीनं वरच्या भिंतीत गरम लाइनलाही साधा पांढरा पाइप गाडून ठेवला होता. कढत पाणी गेलं की तो शिजलेल्या शेवयांसारखा लोळतो. नव्याकोऱ्या टाइल्स फोडून सीपीव्हीसीचा पाइप घातला. टाइल्स सुनेच्या पसंतीच्या होत्या, त्यामुळे त्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही.

गच्चीवरून खालच्या स्वयंपाकघरापर्यंत पाइप चाळीस फूट. पाऊण इंची पाइपात मीटरला पाव लिटराहून जास्त पाणी मावतं. म्हणजे नळ सोडला की आधी साडेतीन लिटरच्या आसपास गार पाणी येणार, मग कढत. आणि भांडी घासून झाल्यावर तेवढंच कढत पाणी पाइपात निवत पडणार. पाइपावर काळ्या फोमचं वेष्टण चढवलं, पण वाट काही कमी झाली नाही. मला बंब आठवला. सासूबाईंचा बंब न्हाणीच्या उंबऱ्याला टेकून होता, तोटी ते बादली एक वीत. आम्ही घर वाढवलं म्हणजे खोल्या वाढवल्या असं समजत होतो. वाढली होती ती पाण्याची चाल. मग स्वयंपाकघरापुरता तीन लिटरचा छोटा गीझर सिंकखाली घेतला. पावसाळ्याची सोयही करून ठेवली. जून ते सप्टेंबर साताऱ्यात सूर्यनारायण कुठे गावाला जातात कोण जाणे. टाकीतच कॉइल घातली तर एका आंघोळीसाठी दोनशे लिटर तापवत बसावं लागेल. त्यापेक्षा सोलरची लाइन जुन्या गीझरच्या पोटातून नेली. ऊन असेल तर तो गप्प, कोमट आलं तर उरलेले अंश तो भरून काढणार.

हे सगळं मी सांगलीला, विश्रामबागच्या वन्संना फोनवर सांगितलं. त्यांनीही मागच्या वर्षी मागची बाजू वाढवली. म्हणाल्या, "आमच्याकडे हे चालत नाही गं. सोलर मेलं, गीझरही दरवर्षी मरतो." मी तशीच एसटीत बसले.

त्यांच्याकडे बोअरचं पाणी. गीझर उघडला तर कॉइलवर पांढरं पोवळं वाढलेलं, बोटाएवढं जाड! साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, पण पाण्यातल्या चुन्याचं उलटं असतं. पाणी तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुना दगड होऊन बसतो, तोही बरोबर सगळ्यांत गरम जागेवर, म्हणजे कॉइलवरच. त्या दगडाआड कॉइलची उष्णता पाण्यात जात नाही, आणि कॉइल आतल्या आत जळते. त्यांचं जुनं सोलर सपाट पेटीचं, बारीक तांब्याच्या नळ्यांचं; त्या नळ्या चुन्यानं बुजल्या होत्या. रुंद काचेच्या नळ्यांत तेवढा दम निघतो. गीझरच्या आत मॅग्नेशियमचा एक दांडा असतो, टाकीच्या लोखंडाऐवजी स्वतः गंजून मरण्यासाठी ठेवलेला. वन्संचा दांडा संपून नुसती तार उरली होती. पाच वर्षं कुणी त्याचं नावही काढलं नव्हतं.

मी थर्मोस्टॅट पंचावन्नावर आणून ठेवला, कारण त्यापुढे चुना फार वेगानं बसतो. कॉइल लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवली. ती फसफसायला लागली तेव्हा वन्सं, त्यांची जाऊ आणि शेजारची दोन मुलं बादलीभोवती गोळा झाली. मी त्यांना पंधरा ग्रॅमचं सांगितलं. जाऊबाईंनी आत जाऊन दहाची दोन नाणी आणली आणि बराच वेळ तळहातावर तोलत बसल्या.

येत्या रविवारी पुन्हा जाणार आहे. पिशवीत विजेरी, पाना, नवा मॅग्नेशियमचा दांडा आणि अर्धा किलो लिंबूसत्त्व भरून ठेवलंय. हे पिशवीकडे बघून म्हणाले, "पण या खेपेला त्यांनी बोलावलंय का?"

वन्संच्या जाऊबाईंच्या माहेरी, जतला, पाणी याहून जड आहे म्हणतात.