आईची जाऊ

आमच्या घरात जुनी वस्तू टाकायची नाही, असा काही नियम नाही. टाकायची असं दर दिवाळीला एकमताने ठरवायचं आणि मग पुन्हा माळ्यावर ठेवून द्यायची, एवढाच रिवाज आहे. ह्या रिवाजामुळे आमच्याकडे तीन पायांची आरामखुर्ची, न बोलणारा रेडिओ आणि वात नसलेले दोन स्टोव्ह सुखाने नांदत आहेत. अण्णांची मोटारसायकल माळ्यावर चढवता आली असती तर तीही तिथेच गेली असती. ती चढेना, म्हणून जिन्याखाली गेली. अण्णा गेले २००३ साली. तेव्हापासून ती ताडपत्रीखाली उभी होती, आणि ताडपत्रीवर आळीतल्या मांजरांची बाळंतपणं पिढ्यान्‌पिढ्या होत होती.

ती तशीच उभी राहिली असती. पण आमची इमारत पुनर्विकासाला निघाली आणि फळ्यावर नोटीस लागली : 'सभासदांनी दसऱ्यापर्यंत जागा रिकामी करावी. बंद पडलेली वाहने भंगारात काढण्यात येतील.' सोसायटीत बंद पडलेलं वाहन ते एकच. बंद पडलेले सभासद बरेच होतो, पण आमच्याविषयी नोटिशीत काही म्हटलेलं नव्हतं.

मी बँकेतून निवृत्त होऊन सहा महिने झाले होते. रिकामा माणूस काहीही बोलून जातो. मी म्हणालो, "मी चालू करतो तिला."

"तुम्ही?" ही म्हणाली.

माझ्या यंत्रज्ञानाविषयीचं तिचं तीस वर्षांचं मत त्या एका शब्दात मावलं होतं. आणि ते चूक नव्हतं. सायकलची उतरलेली चेन बसवणं ही माझी कमाल मर्यादा. तीसुद्धा पुढच्या वळणावर पुन्हा उतरायची.

पण मटार सोलत बसलेली आई म्हणाली, "करू दे त्याला. ह्यांची गाडी भंगारात नको जायला."

हे ऐकून मात्र आम्ही दोघंही चकित झालो. कारण त्या गाडीचं आणि आईचं कधी पटलं नव्हतं.

गाडी जावा. १९६९ सालची, मरून रंगाची, अडीचशे सीसीची. लहानपणी मला वाटायचं, ही जावा-सुमात्रातल्या जावाहून बोटीने आली असणार. तसं काही नव्हतं. प्राग शहरात यानेचेक नावाच्या गृहस्थांनी १९२९ साली वाँडरर कंपनीच्या गाडीचे हक्क घेतले आणि आपल्या नावातला 'जा' व तिच्या नावातला 'वा' जोडून बारसं केलं. त्यांच्या परवान्यावर म्हैसूरला १९६१ पासून जावा तयार होऊ लागली. १९७३ पासून तिथल्याच गाड्यांना 'येझदी' हे नाव मिळालं. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. २०१८ साली जावा हे नाव नव्या गाड्यांवर परत आलं, पण तो पुढच्या पिढीचा संसार.

आईने ह्या नावाचा उलगडा गाडी दारात आली त्याच दिवशी केला होता. "मला एक जाऊ होती तेवढी पुरे नव्हती का? आता ही दुसरी. जावा जावा उभा दावा!"

आणि दावा खरोखरच उभा राहिला. अण्णांची रविवार सकाळ जावेची. आईच्या जुन्या नऊवारीचे मऊ तुकडे जावेला. अंगणात रांगोळीच्या जागी ऑइलचे डाग. "माझी धाकटी जाऊ निघाली का फिरायला?" असं आई विचारायची आणि अण्णा, सरकारी नोकरीतला माणूस, उत्तर न देण्यात तरबेज होते.

पण संध्याकाळी सहाला गाडी कोपऱ्यावर वळली, की आवाज ऐकून आई चहाचं आधण ठेवायची. अण्णा जिना चढून येईपर्यंत कप भरलेला. समोरच्या डॉक्टरांचीही जावाच होती, तेही त्याच सुमाराला यायचे, पण त्यांच्या गाडीला आई कधी फसली नाही. "कसं कळतं?" म्हणून विचारलं तर म्हणायची, "कळतं."

असो. मी ताडपत्री काढली, मांजराची माफी मागितली आणि कामाला लागलो.

पहिल्या आठवड्यात एवढंच समजलं, की मोटारसायकल सोडवणं फार सोपं असतं. मी तिचे दोनएकशे भाग सुटे केले. नट, बोल्ट, वायसर ठेवायला काहीतरी हवं, म्हणून हिचा मिसळणाचा डबा घेतला. हळदीच्या वाटीत पाच नंबरचे नट, मोहरीच्या वाटीत वायसर, अशी सुंदर व्यवस्था लावली. संध्याकाळी ही फोडणी करायला गेली तेव्हा त्या व्यवस्थेची चर्चा तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेली.

टाकी आतून गंजली होती. तिच्यात रॉकेल आणि मूठभर खडी घालून हलवायची, असं कोणीतरी सांगितलं. मी गॅलरीत उभा राहून टाकी पोटाशी धरून तासभर हलवली. खालच्या बिऱ्हाडातले गृहस्थ वर आले आणि दारात उभे राहून अतिशय सभ्यपणे म्हणाले, "कोणाला फीट आलीय का?"

इंजिन मात्र माझ्या हाताला लागेना. पिस्टन सिलिंडरला चिकटून बसला होता. नाना पेठेत, जिथे दुचाकीचा कुठलाही अवयव मिळतो, तिथल्या एका दुकानदाराने एका म्हाताऱ्या मिस्त्रींचा पत्ता दिला. सगळे त्यांना चाचा म्हणत. चाचांनी प्लग काढला, भोकाला कान लावला, आणि डॉक्टरसारखं माझ्याकडे न बघता म्हणाले, "सोया है, मरा नहीं." प्लगच्या भोकातून डिझेल ओतून त्यांनी आठ दिवस थांबायला सांगितलं. नवव्या दिवशी किकवर नुसता हात ठेवला, आणि पिस्टन कुरकुरत खाली सरकला. निवृत्तीनंतर प्रथमच माझ्या हातून एखादी गोष्ट पुढे सरकली होती.

पुढे सिलिंडर लेथवर बोअर करून आणला, त्या मापाचा पिस्टन बसवला. कार्ब्युरेटर धुतला. पॉइंट पॉलिशपेपरने घासून त्यांतली फट पत्तीने मोजून ०.४ मिलिमीटरवर आणली. तोपर्यंत मी आयुष्यात पैशापेक्षा लहान वस्तू मोजली नव्हती.

याच सुमारास आमच्या उद्योगात एक गृहस्थ शिरले. त्यांच्याकडे चार जावा आहेत, आणि जुलैच्या दुसऱ्या रविवारी जगभरचे जावा-येझदीवाले आपला दिन साजरा करतात, त्यात ते बिनचूक असतात. त्यांना मी मनात ओरिजिनलराव म्हणतो. ते आले, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "हा स्क्रू ओरिजिनल नाही." मग आरसा ओरिजिनल नाही, सीटचं कव्हर ओरिजिनल नाही. दिव्याच्या काचेपाशी ते मान हलवत इतका वेळ थांबले, की मला भेटायला आलेल्यांना वाटलं, घरात काही झालंय. "गाडी म्हैसूरहून निघाली तशी दिसली पाहिजे," हे त्यांचं ब्रीद. मला पटलं. दर रविवारी पहाटे मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जाऊन मी स्क्रू हुंगत फिरू लागलो. खर्च अठ्ठेचाळीस हजारांवर गेला. हिला सांगताना मी त्यातला आठ हा ओरिजिनल आकडा कायम ठेवला आणि पुढचे चाळीस गाळले.

हत्यारांची पेटी उघडली ती अगदी शेवटी. गाडीच्या बाजूला असते तशी ती पेटी, झाकण गंजून बसलेलं. चाचांनी हातोडीने टिचकी मारली तशी उघडली. आत एक पाना, एक जुना प्लग आणि तेलाने काळीठिक्कर पडलेली एक लहानशी वाटी.

मी ती वर आणली. आईने हातात घेतली, पदराने पुसली, तळाशी बघितलं. तळावर तिच्या माहेरचं नाव ठोकलेलं होतं.

"माझी पितळेची वाटी! एकाहत्तर सालापासून शोधत्येय मी."

मला हसू आलं. जावेच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, पंचवीस भागांना एक भाग. म्हणजे लिटरला चाळीस मिलिलिटर. अण्णांनी स्वयंपाकघरातून बरोबर त्या मापाची वाटी उचलली होती. मी नंतर नातीच्या औषधाच्या मापाने पाणी घालून पाहिलं. काठोकाठ चाळीस. सरकारी माणसाचा हिशेब होता तो!

पण आई हसत नव्हती.

"तेव्हा भांडी घासायला चंद्राबाई होती," ती म्हणाली. "मी तिलाच विचारलं. ती मुलाच्या डोक्यावर हात ठेवून नाही म्हणाली. मी म्हटलं, मग वाटीला काय पाय फुटले? दुसऱ्या दिवसापासून आली नाही ती. आणि हे समोर पेपर वाचत बसले होते रे. एक अक्षर बोलले नाहीत."

मी म्हणालो, "अगं, त्यांच्या लक्षात आलं नसेल."

"पेपर उलटा होता," आई म्हणाली.

तिने वाटी चिंचेने घासून लखलखीत केली आणि देव्हाऱ्यात ठेवली. त्या दिवसापासून अण्णांच्या फोटोला फूल बंद. रोज सकाळी देवांना फुलं वाहून ती तिथवर यायची, फोटोकडे बघायची आणि पुढे जायची. मेलेल्या माणसाशी अबोला धरणारी बाई मी प्रथमच पाहत होतो. मध्येच भाजी निवडताना म्हणायची, "कुठे असेल कोण जाणे. माझ्याच वयाची होती."

गाडी तयार झाली घटस्थापनेच्या आधी दोन दिवस. टाकीवरच्या सोनेरी रेघा पेंटरने श्वास रोखून हाताने मारल्या. कागदपत्रांचं पुराण सांगत नाही. केंद्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नाशी उलटलेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला फी वीस हजार, आणि रोजच्या कामाला गाडी वापरायची नाही. पन्नाशी उलटलेल्या माणसालाही अशी काही सोय हवी होती. पण मला गाडी कोपऱ्यापर्यंत तरी न्यायची होती, म्हणून साध्या नूतनीकरणावर भागवलं. जुळवाजुळव झाल्यावर एक नट आणि दोन वायसर उरले. चाचा म्हणाले, "कंपनी ने ज़्यादा दिया होगा."

जावेला किक आणि गिअर दोन्हींची दांडी एकच. आत दाबून मागे वळवली की किक, पुढे केली की गिअर. एकाच शिपायाने दोन साहेबांची टेबलं सांभाळावीत तसं. मी किक मारली. एकदा, दोनदा, सातदा. आठव्या किकेला दोन्ही सायलेन्सरांतून निळा धूर सुटला आणि वीस वर्षं गप्प असलेली गाडी बोलू लागली. ओरिजिनलरावांनी डोळे पुसले. चाचांनी दुसरीकडे बघितलं. खालच्या बिऱ्हाडातले गृहस्थ गॅलरीत आले आणि काहीही न विचारता आत गेले.

मी कोपऱ्यापर्यंत जाऊन, वळून, आलो. जिना चढताना मला खात्री होती की आधण ठेवलेलं असणार.

आई खिडकीशी बसली होती.

"छान झाली," ती म्हणाली. "पण ही ह्यांची नाही."

"अगं, तीच आहे! नंबर बघ."

"नंबर मला काय कळतो? ह्यांची वाजायची. कोपऱ्यावर खड्डा होता, तिथे आली की खण्ण करायची. डॉक्टरांची नाही करायची."

ओरिजिनलराव माझ्या मागोमाग वर आले होते. ते घाईने म्हणाले, "आजी, गाडी म्हैसूरहून निघाली तेव्हा तिच्यात एकही आवाज नव्हता. हीच ओरिजिनल."

"म्हैसूरला मी कुठे राहत होते?" आई म्हणाली.

ह्यावर कोणाला काही सुचेना. आई थोडा वेळ तशीच बसली. मग भिंतीला धरून उठली, देव्हाऱ्याशी गेली आणि ती पितळेची वाटी घेऊन आली.

"ही ठेव पेटीत. आणि खाली फडकं घालू नकोस."

"अगं, पण तुझी माहेरची..."

"राहू दे त्यांच्याकडे. आणि विचार जरा आळीत, चंद्राबाईचं कोणी आहे का म्हणून. मुलगा असेल तिचा."

मी खाली गेलो. पेटीत पाना, प्लग आणि वाटी ठेवली. ओरिजिनलराव हताशपणे बघत होते. कोपऱ्यावरचा खड्डा महानगरपालिकेने पन्नास वर्षांत अनेकदा बुजवला असेल, पण तो स्वतः फार चिवट. गाडी त्यात गेली आणि पेटीतून स्पष्ट आवाज आला : खण्ण!

दार उघडंच होतं. आत आधणाचा आवाज येत होता. फोटोला मोगऱ्याचं फूल होतं, थोडं तिरकं, घाईत लावल्यासारखं. आईने कप माझ्या हातात दिला आणि मी पहिला घोट घेतला.

चहात साखर नव्हती. अण्णांना मधुमेह होता, मला नाही.

हिने माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि साखरेचा डबा हळूच पुढे करून विचारलं, "घालू का?"

"नको," मी म्हणालो. "ओरिजिनल आहे."