तारांचे महिने

बारामती

चि. सौ. मनीषास,


तुझ्या रेवाच्या दातांच्या तारांसाठी एका डॉक्टरांनी दहा महिने सांगितले आणि दुसऱ्यांनी दोन वर्षं, तर कुणाचं खरं मानायचं, असं तू विचारलं आहेस. वरचे दात पुढे आलेले, एक सुळा हिरडीत उंच अडकलेला आणि चार उपदाढा काढाव्या लागतील यावर दोघांचंही एकमत, असं तू कळवलंस. एवढी माहिती हातात असताना मी दोन वर्षं सांगणाऱ्यांच्या बाजूने आहे. पण माझं खरं म्हणणं यापुढचं आहे. या उपचारात काही महिने शरीराचे असतात, ते कुणालाच कमी करता येत नाहीत. उरलेले महिने आपल्या हातातले असतात आणि आपल्याकडे वाया जातात ते नेमके हेच. डॉक्टर निवडताना त्यांचाच विचार आधी व्हायला हवा.

दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचं तंतूंचं अस्तर असतं. तारेने दातावर हलका, सततचा दाब दिला की ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड विशिष्ट पेशी विरघळवतात आणि मागच्या, ताणलेल्या बाजूला दुसऱ्या पेशी नवं हाड घालतात. दात पुढे सरकतो तो असा, आणि त्याची गती साधारण महिन्याला एक मिलिमीटर. उपदाढ काढल्यावर सुमारे सात मिलिमीटरची जागा मोकळी होते. ती पूर्ण मिटवायची म्हटलं तर तेवढ्यालाच सहा-सात महिने जातात. त्याआधी वेडेवाकडे दात एका ओळीत आणायला चार-सहा महिने, नंतर वरचे-खालचे दात एकमेकांवर नीट बसवायला आणखी तेवढेच, आणि अडकलेला सुळा खाली ओढून आणायचा वेळ वेगळाच. हा हिशोब दहा महिन्यांत कसा बसवणार, हे पहिल्या डॉक्टरांना सरळ विचार. कदाचित ते फक्त पुढचे दात सरळ दिसण्यापुरतं बोलत असतील. तसं असेल तर तो वेगळा उपचार झाला, आणि तो वेगळा आहे हे त्यांनी आधी सांगायला हवं.

दाब वाढवला तर लवकर होईल, असं कुणालाही वाटेल, पण होतं उलटंच. जास्त जोर पडला की त्या जागचा रक्तपुरवठा थांबतो, अस्तराचा तेवढा भाग मरतो आणि तो साफ होईपर्यंत दात आठवडेच्या आठवडे जागचा हलत नाही. शिवाय मुळांची टोकं झिजायचा धोका वाढतो, आणि झिजलेलं मूळ पुन्हा वाढत नाही. आडसाली ऊस दहाव्या महिन्यात तोडला तर उतारा मिळत नाही, हे तुमच्या घरात कुणाला समजावून सांगायला नको.

तुझ्या दिराने नव्या तंत्रांचं विचारलं आहे, आणि प्रश्न रास्त आहे. दाताला चिकटवून तार धरणाऱ्या ब्रॅकेटचा स्वतःच मिटणारा प्रकार वापरला तर वेळ वाचतो अशी जाहिरात बरीच वर्षं झाली, पण चाचण्यांमध्ये तसा फरक दिसला नाही. रोज वीस मिनिटं दात थरथरवणारं एक यंत्र निघालं होतं. ब्रिटनमध्ये उपदाढा काढलेल्या मुलामुलींवर त्याची रीतसर तुलना झाली आणि २०१५ मध्ये निष्कर्ष छापून आले, तेव्हा यंत्र वापरणारे आणि न वापरणारे सारखेच निघाले. पारदर्शक साचे थोड्याशा वाकडेपणाला चांगले आहेत. पण ते दिवसाचे वीस-बावीस तास तोंडात राहायला हवेत. शाळेत डबा खाताना काढून कागदात गुंडाळलेला साचा कागदासकट कचऱ्यात जाणं ही नेहमीची गोष्ट आहे. रेवासारख्या तोंडात ते तारांपेक्षा लवकर काम करतील, असं मानायला आधार नाही.

आता आपल्या हातातले महिने. २०१६ मध्ये जगभरचे बावीस अभ्यास एकत्र करून काढलेली सरासरी वीस महिन्यांच्या जरा आत येते, पण वेगवेगळ्या अभ्यासांतले आकडे चौदापासून तेहेतीस महिन्यांपर्यंत पसरलेले आहेत. एवढं अंतर कशाने पडतं? अमेरिकेतल्या पाच दवाखान्यांमधल्या १४० रुग्णांच्या नोंदी तपासून १९९९ मध्ये एक अभ्यास आला. जवळजवळ निम्म्या फरकाचा उलगडा पाच गोष्टींनी झाला आणि त्यांत चुकलेल्या तारखा, निघालेले ब्रॅकेट आणि दातांची अस्वच्छता या तिन्ही होत्या. तो देश निराळा, दवाखाने निराळे, हे मान्य. पण तारीख चुकली की तार तशीच निष्क्रिय पडून राहते, हे इथेही तितकंच खरं आहे. उलट आपल्याकडे त्याची शक्यता जास्त. तुमच्या इंदापूरहून बारामती पन्नासेक किलोमीटर, पुणे त्याहून कितीतरी लांब. तालुक्याच्या गावी हे तज्ज्ञ पुष्कळदा महिन्यातून एक-दोन ठरलेल्या दिवशीच बाहेरून येतात, म्हणजे एक दिवस हुकला की सरळ महिना गेला. आषाढात तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते, तेव्हा त्या रस्त्याची वाहतूक वळवलेली असते. त्या आठवड्यातली तारीख आधीच बदलून घेतलेली बरी. ब्रॅकेट निघतात ते ऊस सोलून खाल्ल्याने आणि कच्चा पेरू पुढच्या दातांनी तोडल्याने. इंदापूर भागात वाढणाऱ्या मुलीला पेरू बंद करा असं मी म्हणणार नाही. बारीक फोडी करून दाढांनी खाऊ दे. ऊस मात्र दोन हंगाम खरंच नको, रस प्यावा आणि लगेच चूळ भरावी. ब्रॅकेटच्या कडेने घासणं राहिलं तर तिथे पांढरे डाग पडतात आणि ते तारा काढल्यावरही दिसत राहतात.

डॉक्टर पैशांसाठी लांबवतात, ही शंका तुझ्या सासूबाईंची. बहुतेक ठिकाणी पूर्ण उपचाराची रक्कम आधी ठरते आणि हप्ते पडतात, त्यामुळे लांबल्याने डॉक्टरांचाच तोटा होतो. दर खेपेला वेगळे पैसे घेत असतील तर शंका घ्यायला जागा आहे, म्हणून ते आधीच विचारून घे. ‘दहावीनंतर बघू’ हे सासूबाईंचं दुसरं म्हणणं मला अजिबात पटत नाही. रेवा आठवीत आहे. आता सुरू केलं तर दहावीच्या सुमाराला मुख्य काम आटोपेल. दहावीनंतर सुरू केलं आणि ती शिकायला पुण्याला किंवा लातूरला गेली, तर अर्धवट तारा घेऊन नवा डॉक्टर शोधावा लागेल आणि हातबदल झाला की महिने हमखास वाढतात. तू स्वतःला दोष देतेस की आठव्या वर्षीच का नाही केलं. तेही मनातून काढ. पुढे आलेल्या दातांचा उपचार लहानपणी एकदा आणि मोठेपणी पुन्हा, असा दोन टप्प्यांत केलेल्या मुलांची वयात येताना एकदाच केलेल्यांशी तुलना झालेली आहे. पडून पुढचा दात तुटण्याचा धोका पहिल्यांत कमी दिसला, पण दातांची अखेरची ठेवण दोघांची सारखीच निघाली, आणि एकूण काळ मात्र पहिल्यांचा जास्त.

आणखी एक, तारा निघाल्यावर रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारं साधन, लागतो. हिरडीतले तंतू नव्या जागेला रुळायला कित्येक महिने घेतात, तोवर दात जुन्या जागेकडे ओढले जातात. रिटेनर किती वर्षं, त्याचे पैसे ठरलेल्या रकमेत धरले आहेत का आणि हरवला तर काय, हे पहिल्याच भेटीत विचार. ते डॉक्टर एम.डी.एस. आहेत का आणि नेमक्या याच विषयात आहेत का, हेही पाहा. दोघांनी काढलेले एक्स-रे आणि दातांचे साचे तुमच्याकडे मागून घे.

रेवाला आशीर्वाद.

तुझा,
नानामामा