भाचीसाठी लॅपटॉप

मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५, जळगाव
विंडोज १०ची नेहमीची मोफत अपडेट्स आज संपली. माझा लॅपटॉप २०१२चा. विंडोज ११ला टीपीएम २.० चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. माझा आय-थ्री तिसऱ्या पिढीचा. दुकानदार म्हणाला, “सर, एक्स्चेंजमध्ये देऊन टाका.” पडदा स्वच्छ आहे, कीबोर्डचं प्रत्येक बटण चालतं. असं यंत्र भंगारात घालणं मला पटत नाही. यावल तालुक्यात ताईची मुलगी बारावी सायन्सला आहे, नोट्स मोबाइलवर डोळे ताणून वाचते. भाऊबीजेला लॅपटॉप तिला द्यायचा, लिनक्स घालून.

गुरुवार, १६ ऑक्टोबर
गोलाणी मार्केटातून एसएसडी आणि चार जीबीची डीडीआर-३ रॅम आणली. जुना लॅपटॉप रखडतो तो बहुतेक वेळा फिरत्या हार्ड डिस्कमुळे. सुरू होताना हजारो बारीक फायली वाचायच्या असतात आणि प्रत्येकीसाठी डिस्कचा हेड जागचा हलवावा लागतो. एसएसडीत हलणारा भागच नाही. खालचं झाकण उघडलंच होतं, म्हणून पंख्यात साचलेली धूळ ब्रशने काढली, प्रोसेसरवरची सुकलेली थर्मल पेस्ट बदलली. मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ला टेकतो, तेव्हा हे काम एसएसडीइतकंच मोलाचं ठरतं.

रविवार, १९ ऑक्टोबर
लिनक्स मिंट निवडलं, त्यातलं हलकं एक्सएफसीई. मिंटच्या २२ मालिकेला २०२९पर्यंत अपडेट्स आहेत, म्हणजे पोरीचं कॉलेज होत येईल. आयएसओ उतरवून चेकसम ताडून पाहिला, मग पेन ड्राइव्हवर चढवला. डिस्कला हात न लावता पेन ड्राइव्हवरूनच सगळं चालवून बघता येतं, ही सोय मला फार आवडते. आवाज, कॅमेरा, टचपॅड ठीक. वाय-फाय मात्र दिसेना. त्या चिपचा ड्रायव्हर मुक्त नाही, वेगळा घ्यावा लागतो. मोबाइल केबलने जोडून त्याचं इंटरनेट दिलं, ड्रायव्हर मॅनेजरमधून तो घेतला, लॅपटॉप पुन्हा सुरू केला. झालं.

मंगळवार, २१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
छपाईवाला मित्र फराळाला आला होता. लॅपटॉपचा वेग बघून म्हणाला, “माझ्याकडेपण टाकून दे.” मी नाही म्हणालो. त्याच्या लग्नपत्रिका, बॅनर सगळे कोरलड्रॉ आणि श्रीलिपीत. लिनक्सवर त्याचा धंदा अडेल. ज्याचं काम ब्राउझर, पीडीएफ आणि लिखाणाचं आहे, त्याला बेलाशक द्यावं.

गुरुवार, २३ ऑक्टोबर, भाऊबीज
ओवाळणं होताच लॅपटॉप उघडला. ताईने पहिलाच प्रश्न विचारला, “भाऊ, याला दरवर्षी पैसे भरावे लागतील का?” अजिबात नाही. भाचीला मराठी टाइप करायची इनस्क्रिप्ट पद्धत दाखवली: शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ, मग डीने पाय मोडायचा, पुढे य आणि काना. ‘शेतकऱ्यांच्या’ पहिल्याच झटक्यात नीट उमटलं. पुण्यातल्या रेड हॅटच्या अभियंत्यांनी लोहित फॉन्टवर वर्षानुवर्षे काम केलं. त्यांच्यासारख्यांच्या कष्टांमुळे आज लिनक्सवर मराठी एवढी सुखाने लिहिता येते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमधले लिनक्स आणि लिबरऑफिसचे मराठी आवाजातले धडे उतरवून दिलेत. गावात नेट कधी असतं, कधी नसतं.

रविवार, २ नोव्हेंबर
भाचीचा फोन. “मामा, जिओजेब्रा घातलं मी. स्वतः!” इंटिग्रेशनचे आलेख काढत बसली होती. मग हळूच म्हणाली, तिच्या जुन्या शाळेच्या कपाटात काही लॅपटॉप बंद पडून आहेत, त्यातला एक अगदी छोटा, अॅटम प्रोसेसरवाला. तो ३२ बिटांचा असेल तर मिंट २२ चालणार नाही, डेबियन १३लाही ३२ बिटांचा इन्स्टॉलर नाही. डेबियन १२ घालता येईल. त्याला २०२८पर्यंत सुरक्षा अपडेट्स मिळतील. मुख्याध्यापकांना विचारून ठेव म्हटलं, सुट्टी संपली की शनिवारी येतो. मिंटचा आणि डेबियन १२चा, दोन्ही पेन ड्राइव्ह आजच तयार केले.